पाहुण्याची वर्दी

इरा आणि आदी, हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. पुरवणीत जागा मिळाली म्हणून इतरही वाचतील, त्याला माझी हरकत नाही. तुमच्या आत्याआजी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण वत्सलाताई, अकोल्यात गेल्या त्याला आता सहा आठवडे झाले. इरा, त्या सकाळी मी तुला अमेरिकेत फोन केला तेव्हा तू रडलीस ते ताई गेल्या म्हणून, आणि त्याहून जास्त, तुला येता येत नव्हतं म्हणून. व्हिसाचा शिक्का संपलेला, शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीचा अर्ज अजून त्यांच्याकडे पडलेला. अशा वेळी देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नाही, असं तुझ्या कॉलेजच्या कचेरीतून तुला स्पष्ट सांगितलं होतं. "म्हणजे कागदांसाठी मी आत्याआजीला पोचवायला आले नाही, असंच ना आजी?" असं तू दोनदा विचारलंस. मी "तसं नाही गं" एवढंच म्हणाले. त्याचं खरं उत्तर मोठं आहे, आणि ते माझं नाही, ताईंचं आहे. म्हणून सवडीनं लिहून काढते.

तुम्ही त्यांना सुट्टीत पाहिलंत, ते बोरं आणि हरभऱ्याचे घाटे घेऊन येणारी म्हातारी म्हणून. मी त्यांना पन्नास वर्षं ओळखत होते. सातवीपर्यंत शिकलेल्या, तरुणपणीच नवरा गेलेला, मूलबाळ नाही. अकोल्याबाहेर बारा एकर काळी जमीन, ती त्यांनी स्वतः उभं राहून वाहिली आणि गावात घर राखलं. मी अमरावतीत कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, प्रत्येक गोष्टीची फाइल ठेवणारी. ताई माझ्या स्वयंपाकघरात आल्या की डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत आणि म्हणत, "कुमुद, तुह्या घरात जीव गुदमरते मा. डब्याच्याबी कपायावर नाव लिवून ठेवते तू." त्यांच्याकडे कागद म्हणजे फडताळात अंथरायची वस्तू. सात-बाराचा उतारासुद्धा मी एकदा डाळीच्या डब्याखालून काढलेला आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले काही विद्यार्थी मातीचे नमुने घ्यायला ताईंच्या शेतात आले. त्यांत इथिओपियाहून आलेली एक मुलगी होती, हिरुत. बाकीचे खड्डा खणत होते आणि ही बांधावर बसून ओली माती बोटांत मळून तिची पट्टी ओढत होती. ताईंनी विचारलं, काय करून राहिली बाई? सोबतच्या मुलानं तिचं म्हणणं मराठीत सांगितलं: तिच्या वडिलांच्या शेतातली मातीही अशीच आहे, काळी, उन्हाळ्यात पाय जाईल एवढी फाटणारी आणि पावसात पेरायला आत शिरू न देणारी. ताईंनी तिच्या हातातली ती पट्टी घेऊन पाहिली. मला फोनवर म्हणाल्या, "अवो, आफ्रिकेत म्हने आपल्यासारखाच वाफसा पाहा लागते." वाफसा म्हणजे पावसानंतर रान पेरण्याजोगं व्हायची ती वेळ. साऱ्या जन्माचं शेतीतलं कौतुक त्या एका वाक्यात होतं. तेव्हापासून हिरुत रविवारी ताईंकडे जेवायला येऊ लागली.

त्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. ताई रिक्षा घेऊन वसतिगृहावर गेल्या आणि तिला घरी घेऊन आल्या. मुगाचं पाणी, उसाचा रस, भाताची पेज... महिन्याभरात पोरगी उठून बसली, पण ताईंनी तिला परत जाऊ दिलं नाही. ती मागच्या खोलीत राहू लागली. वऱ्हाडी शिकली, आणि तीही ताईंचीच; ताईंना आत्या म्हणू लागली. मी एकदा गेले तर ती मला म्हणते, "काकू, चहा मांडू का कॉफी?" आणि कॉफीचे हिरवे दाणे तव्यावर भाजायला बसली. ताई नाक उडवत म्हणाल्या, "दाने जायते, धूर करते, मंग बोंडल्याएवढ्या कपात पिते. पन वास चांगला हाये."

आता चूक सांगते. परदेशी विद्यार्थ्यानं राहायची जागा बदलली की ते ठरलेल्या दिवसांच्या आत पोलिसांकडे कळवावं लागतं, आणि ज्याच्या घरी तो राहतो त्या घरमालकानंही एक फॉर्म भरून द्यावा लागतो. हिरुतला हे माहीत होतं. ताईंकडे आल्याच्या चौथ्या दिवशी, अंगात ताप असताना, तिनं मैत्रिणीकरवी विद्यापीठातून तो शिक्का मारलेला फॉर्म मागवून घेतला आणि ताईंपुढे ठेवला. शेजारच्या वकिलांच्या सुनेनं वाचून दाखवला. पाहुण्याचं नाव, बापाचं नाव, कुठून आला, इथवर ताईंनी ऐकून घेतलं. मग रकाना आला: किती दिवस राहणार, आणि जाणार कधी. ताईंनी फॉर्म हातातून काढून घेतला. "आल्या पाहुन्याले कवा जाशीन म्हनून इचारू? आन् थे बी पोलिसाच्या कागदावर? हे काय लॉज हाये?" आपल्याकडे पाहुण्याला निघायचा दिवस विचारत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. घरातल्या आजारी मुलीची पोलिसात वर्दी द्यायची, तर लोक काय म्हणतील, हेही होतंच. हिरुतनं पुन्हा विषय काढला नाही. मोठ्या माणसानं नको म्हटलं की नको, हे तिच्या घरचंही वळण. तिला वाटलं, इथे घरच्या माणसाला हा नियम लागत नसेल.

पाच महिन्यांनी तिची मुदत वाढवायची वेळ आली. अर्जात पत्ता वसतिगृहाचा. चौकशीला हवालदार तिथे गेला तर उत्तर मिळालं, ती इथे पावसाळ्यापासून राहत नाही. कागदावर शेरा पडला: दिलेल्या पत्त्यावर आढळली नाही. आठवड्याच्या आत खुलासा करा, नाहीतर मुदतवाढ मिळणार नाही, अशी नोटीस आली. मुदतवाढ नाही म्हणजे प्रबंध अर्धा टाकून परत जायचं, आणि पुन्हा यायचं तर दार उघडेल याचा भरवसा नाही. शिष्यवृत्तीवर शिकायला बाहेर पडलेली ती तिच्या गावातली पहिली मुलगी. ताईंचा मला फोन आला, "कुमुद, ये. पोट्टी दोन दिसापासून जेवून नाही राहिली. आन् माह्यानं काय झालं थे मले कोनी सांगून नाही राहिलं."

मी दुपारच्या एसटीनं अकोल्याला गेले आणि जे मला येतं ते केलं. इंग्रजीत तीन पानी खुलासा लिहिला. आजार, वैद्यकीय दाखले, हजेरी, सगळं क्रमानं. आणि मधे एक वाक्य घातलं: विद्यार्थिनीला नियमाची माहिती नसल्यानं हे अनवधानानं घडलं. हिरुतनं वाचलं आणि सही करायला पेन उचललं. ताई दाराशी बसून वाती वळत होत्या. म्हणाल्या, "मले मराठीत सांग काय लिवलं." मी सांगितलं. त्या वाक्यापाशी त्यांचा हात थांबला.

"हे खोटं हाये."

"ताई, असंच लिहितात. नाहीतर तुमच्यावर येईल. घरमालकावर कारवाई होऊ शकते."

"तिले मालूम होतं. तिनं कागद माह्या हातात देल्ला. म्या नाही म्हनलं. अन् तू तिले अडानी म्हनून राहिली? शिकाले आली थे पोरगी."

तुम्हाला खरं सांगायचं तर मला त्या मुलीपेक्षा आमच्या घरावर पोलिसांचं लचांड येऊ नये हीच काळजी होती, आणि ती मी चांगल्या इंग्रजीत झाकली होती. ताई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि फडताळातली लोणच्याची बरणी बाजूला करून तिच्याखालचा कागद घेऊन आल्या. तोच फॉर्म. कोरा, विद्यापीठाचा शिक्का आणि तारीख असलेला, आणि मधोमध बरणीच्या बुडाचं तेलकट वर्तुळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पोलिसांच्या कचेरीत गेलो. परदेशी नागरिकांची नोंद बघणाऱ्या बाई चाळिशीच्या होत्या, धारणीकडच्या, शांत. माझा खुलासा पिशवीतच राहिला, कारण ताईंनी तो देऊच दिला नाही. त्याऐवजी ताईंनी तोंडी सांगितलं आणि मी मराठीत एका पानावर उतरवून घेतलं. फॉर्म उलटसुलट पाहून बाईंनी विचारलं, "आजी, हा पाच महिने कुठं होता?"

"लोनच्याच्या बरनीखाली. बरनी आनू का दाखवाले?"

"नको. वास येतोय." मग त्या हिरुतकडे वळून इंग्रजीत बोलू लागल्या, तर तिनं वऱ्हाडीत उत्तर दिलं, "म्याडम, आत्याची चूक नाई. मीच पुन्हा इचारलं नाई."

"तू चूप बस," ताई म्हणाल्या. "पाहुनी माही, तं चूकबी माही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही दोघी बाहेर बाकावर बसा आणि चूक कोणाची ते आधी ठरवा. मग मी लिहिते." शिपाईसुद्धा हसला. पण लिहिलं त्यांनी व्यवस्थित. विद्यार्थिनीनं पत्ता बदलल्यावर चार दिवसांत फॉर्म मिळवल्याचं त्यावरच्या तारखेवरून दिसतं, तो घरमालकिणीनं दिला नाही, हे तिनं स्वतः कबूल केलं आहे. घरी येऊन त्यांनी खोली पाहिली, शेजाऱ्यांचे जबाब घेतले. ताईंना लेखी समज मिळाली, आणि हिरुतचं प्रकरण वर गेलं. पाच आठवडे आम्ही वाट पाहिली. त्या काळात ताईंनी तिला प्रबंध लिहायला बसवलं. "सरकार काय करीन थे करीन. तुह्यं काम तू कर." मुदतवाढ आली तेव्हा ती शेतात होती, रुंद वरंब्यांवर पेरलेल्या तुरीच्या ओळी मोजत. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात वरंबे करून मधल्या सऱ्यांतून पाणी काढून द्यायची ती पद्धत तिच्या प्रबंधाचा विषय होता. आज ती तिच्या देशात तेच काम करते. वडिलांच्या शेतापासून सुरुवात केली, असं तिनं कळवलं होतं.

त्या प्रकरणानंतर ताई बदलल्या, असं मी म्हणणार नाही. फडताळात कागद अंथरणं चालूच राहिलं. पण हिरुत गेल्यावर त्या मागच्या खोलीत एकामागून एक परदेशी मुली राहून गेल्या, आणि नव्या मुलीला पाणी दिलं की चहा ठेवण्याच्या आत ताई फॉर्म पुढे घ्यायच्या. जायच्या तारखेच्या रकान्यापाशी त्या मुलीला म्हणत, "हे सरकारसाठी हाये. मी नाही इचारून राहिली." मी एकदा चिडवलं, ताई, आता पाहुण्याची वर्दी चालते का? ताई म्हणाल्या, "पोट्टी परमुलखात हाये. कोठी राह्यते, थे कोनाच्या तरी वहीत पाह्यजे मा. नाही तं उद्या तिले काही झालं, तं कोनाले इचाराचं?... म्या हिरूले पाच महिने कोनाच्याच वहीत ठेवली नव्हती." त्यांना त्या चुकीचं वाईट वाटलं होतं ते त्या दिवशी मला कळलं.

ताई गेल्या तेव्हा त्या खोलीत नीमा राहत होती, टांझानियाची, पदव्युत्तरच्या दुसऱ्या वर्षाला. दवाखान्यात शेवटचे आठ दिवस तिनं आणि मी पाळ्या लावून काढले. अग्नी दिला त्याच्या तिसऱ्या दिवशी ती माझ्यापुढे येऊन नुसती उभी राहिली. मला आधी वाटलं, दुःखानं. मग लक्षात आलं. तिच्या फॉर्मवर घरमालकीण म्हणून ज्यांची सही होती त्या आता नव्हत्या, आणि पुढच्या महिन्यात तिची मुदत संपत होती. नातेवाइकांत कुजबुज झाली. दहावं व्हायच्या आत कचेरीत जाणार? सुतकात? तुमचे आजोबा असते तर तेही बिचकले असते. मी आंघोळ केली, साडी बदलली, नीमाला घेतलं आणि गेले. तिथे आता दुसरे अधिकारी आहेत. त्यांनी विचारलं, घर कोणाच्या ताब्यात? मी म्हटलं, माझ्या. नातं? या मुलीशी? "पाहुणी," मी म्हणाले, आणि जायची तारीख तिला विचारून भरली.

इरा, तू तिथे थांबलीस ते बरोबर केलंस. ताईंना कळलं असतं तर त्या हेच म्हणाल्या असत्या, आणि माझ्यापेक्षा कमी शब्दांत. तू कोणाच्या तरी वहीत नीट आहेस, यावर आम्हा म्हाताऱ्यांना इकडे झोप लागते. अर्जाचं उत्तर आलं की ये, आणि शिक्का इथल्या वकिलातीतून घे, सावकाश. आदी, पुढल्या वर्षी तूही निघशील. पोचल्यावर आम्हाला फोन कर, पण त्याआधी पत्ता कळव, जिथे कळवायचा तिथे.

मी सध्या आठवड्यातले चार दिवस अकोल्यात असते. शेत ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरल्या रकमेवर कसायला दिलं आहे, तूर बरी आहे. मागच्या खोलीत नीमा राहते, आणि तिची मुदतवाढ परवा आली.