तेरा चोक बावन्न

छापील शब्दावर आमच्या मास्तरांइतका आंधळा विश्वास टाकणारा माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात झाला नाही, आणि पेडण्यात झाला असेल तर तो त्यांच्याच घरातला असणार. मास्तर मूळ पेडण्यातल्या हरमलचे, गोव्याच्या किनाऱ्यावरचे. सुर्ल्याच्या आमच्या मराठी शाळेत चौथी त्यांच्याकडे, तिसरी माझ्याकडे, मध्ये नुसती एक लाकडी फळ्यांची भिंत. त्यामुळे त्यांच्या विद्वत्तेचा निम्मा मार मी खाल्लाय. हरमलच्या घरातल्या दोन खोल्या ते पर्यटकांना देत. तिथे उतरलेला एक गोरा जाताना शिकवण्याच्या मानसशास्त्रावरचं जाडजूड पुस्तक विसरून गेला. त्या बाबाने प्रत्येक प्रकरणाची शेवटची पानं सिगारेटी वळायला फाडली होती! म्हणजे प्रत्येक सिद्धांताची सुरुवात मास्तरांना तोंडपाठ, आणि शेवट धुरात गेलेला.

पहिल्या प्रकरणात होतं, विद्यार्थी केंद्रस्थानी हवा. झालं! दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सुतळी लावून वर्गाच्या जमिनीवर खडूने मोठं वर्तुळ काढलं, बरोबर मध्यबिंदूवर स्टूल ठेवलं आणि रोज एकेक पोर त्यावर बसवू लागले. बाकीचे भोवती गोल. निम्म्यांची पाठ फळ्याकडे. मी म्हटलं, "अहो मास्तर, मुलांना फळा दिसत नाही." तर म्हणतात, "बाई, पुस्तकात फळ्याचें नांवच ना!" पुढच्या प्रकरणात, मूल आपलं ज्ञान आपण बांधतं. लगेच अंगणात चिरे आणि चुना. आठवड्याभरात पोरांनी एक वाकडा बाक बांधला. त्यावर बसणारा हळूहळू डावीकडे घसरत जाई, आणि मास्तर त्याला उतरत्या क्रमाचा धडा म्हणत.

हा सगळा खटाटोप कुणासाठी चाललाय ते मला उशिरा कळलं. सुलू नावाची मुलगी होती त्यांच्या वर्गात. बाप सिंधुदुर्गातून आलेला, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. मुलगी लिहायची छान, पण शाळेत आल्यापासून तोंडातून एक शब्द नाही. बापाने मास्तरांना स्पष्ट सांगितलं होतं, "गुरुजी, चेडू बोलना नाय तर शाळा कित्याक? दिवाळेपर्यंत बगतंय, मगे गावाक धाडतंय, बकऱ्यो राखीत." मास्तरांचा चेहरा तेव्हा असा पडला की बघवेना. सुलूला त्यांनी स्टुलावर बसवलं तर ती दिवसभर गप्प बसून राहिली. मास्तरांनी वहीत नोंद केली, "केंद्र स्थिर आहे."

मग आलं ते कुत्र्याचं प्रकरण. खाण्याआधी रोज घंटा वाजवली की पुढे नुसत्या घंटेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं म्हणे. मास्तरांनी घंटा सोडली आणि पदेराला धरलं. पदेर म्हणजे आमच्याकडे सायकलवरून पाव विकणारा. त्याचा रबरी भोंगा पोंव पोंव वाजला की वर्गाने तेराचा पाढा म्हणायचा, आणि पाढा संपला की प्रत्येकाला ऊन ऊन पाव. पदेर परतीच्या फेरीला साडेनऊला शाळेपाशी थांबू लागला. सुलू पाव आवडीने खाई; पाढा मात्र नाही.

बाकीच्यांचं काय झालं विचारू नका! महिन्याभरात पोरं कुठल्याही भोंग्याला पाढा म्हणू लागली. आणि शाळेसमोरून खनिजाचे ट्रक, दिवसभर, एकामागून एक. "गोव्याच्या उत्तरेस... तेरा एके तेरा!" माझी तिसरीसुद्धा बिघडली. एका लग्नाच्या पंगतीत बाहेर गाडी वाजली, तर पोरांनी हातातला घास खाली ठेवून सबंध पाढा म्हटला आणि वाढप्याकडे पाव मागितला. मी मास्तरांवर तोंड टाकलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, सगळीं उलयतात. एक तेंच उलयना." सगळी बोलतात, एक सुलूच बोलत नाही.

दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस राहिले होते. त्या दिवशी पदेर आलाच नाही. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. पलीकडचा वर्ग कधी नव्हे तो चिडीचूप. मुलं खिडकीकडे डोळे लावून बसलेली. आणि त्या शांततेत फळ्यांच्या फटीतून एक अनोळखी, बारीक, चिडलेला आवाज आला: "गुरुजी, आज पदेर कित्याक नाय इलो?"

मास्तर धावत माझ्या वर्गात. डोळ्यांत पाणी, हातात ते पुस्तक. "बाई, उलयलें! चेडूं उलयलें! पदेर येवंक ना म्हणून उलयलें! हें खंयच्या सिद्धांतांत बसता?" तिथेच उभ्याने पानं उलटू लागले. प्रकरणाचा शेवट अर्थातच फाडलेला.

बाप राजी झाला. सुलू राहिली आणि इतकी बोलू लागली की मास्तरच कान धरून म्हणत, "पुरे गो बाये!" पण शिगम्यानंतर खाणी बंद पडल्या. ट्रक थांबले, बाहेरून आलेली बिऱ्हाडं उठू लागली. एका सकाळी सुलूच्या बापाचा ट्रक हंडे-चटया लादून शाळेपुढे आला. बापाने निरोपाचा म्हणून हॉर्न दिला. वर्गाने सवयीने सुरू केलं, "तेरा एके तेरा..." आणि ट्रकातून सुलूचा आवाज सगळ्यांच्या वर! वळणापर्यंत ऐकू आला. तेरा चोक बावन्न, तिथवर. पुढचं वळणाआड गेलं. मास्तर दारात उभे होते. मुलांनी पाव मागितला नाही.

मास्तर आता निवृत्त होऊन हरमलला असतात. परवा मी त्यांना भेटायला गेले होते. घरात एकटेच, पथ्याने एकच पाव खाणारे. पदेराचा भोंगा वाजला तसे उठले आणि दोन पाव घेऊन आले. मी पाव खात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. कप पुढे सरकवता सरकवता त्यांचे ओठ हलत होते: तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न. तिथे थांबले. मला राहवेना, जुनी सवय, मी म्हटलं, "तेरा पाचे..."

मास्तरांनी हात वर केला. "म्हणूं नाका, बाई. फुडलें तिचें."