उरलेला मेंदू

सातपाटीच्या बाजारातली ती कोळीण डाव्या हाताने पापलेट साफ करते आणि आखडलेल्या उजव्या मनगटाने मासा दाबून धरते. बोलताना मध्येच थांबते, शब्द सापडला की पुढे जाते. लहानपणी तिचे झटके थांबेनात, म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा डावा अर्धा भाग काढला होता.

माझ्या चार वर्षांच्या नातीला तेच ऑपरेशन सांगितलं, तेव्हा मी या बाईलाच विचारलं, "पोरगी बोलेल का?"

तिने सुरी खाली ठेवली. "बोलंल. उरलेला मेंदू... शिकतो. लहान हाय तवरच करा."

"आणि हात?"

"हात नाय येनार." ती थांबली. "दोन वरसं मला आयला... हाक मारता येत नव्हती."

बाजूला जाऊन मी मुलाला फोन लावला. "ऑपरेशनच्या कागदावर सही कर," म्हणालो. तो रडू लागला. मी फोन ठेवला नाही.