आप्पांच्या सीटखालच्या वायरी

निपाणीच्या गाडीच्या स्टिरिओवाल्या दुकानदाराने आधी माझ्याकडे बघून हसून घेतलं. "मॅडम, हे लेडीज लोकांचं काम न्हाय. गाडी सोडून जावा, सांजच्याला घेऊन जावा." मी म्हटलं, वायरी द्या, अँप्लिफायर द्या, सीटखाली बसणारा मोठा स्पीकर द्या. बसवायचं माझं मी बघते. वर्गभर पोरांना रोज गणित शिकवणाऱ्या बाईला चार वायरी ओढायला कुणाची तरी परवानगी लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

वडगावातल्या आमच्या घरात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर यंत्रमाग चालवला. मागाने आम्हाला पोसलं आणि त्यांचे कान खाल्ले. बारीक आवाज पार गेले, जाड तेवढे उरले, असं डॉक्टर म्हणाले. कानात मशीन घालायला ते तयार नाहीत. टीव्ही असा मोठ्याने लावतात की थोरला भाऊ, आमचा अण्णा, दिवसातून दहा वेळा ओरडतो, "आप्पा, बारीक करा ओ." घरात ते आमचे ओठ बघून बोलणं ओळखतात. पण रविवारी मी त्यांना गाडीतून फिरायला नेते तेव्हा माझं तोंड रस्त्याकडे. तासभर दोघंही मुकी. माग चालवताना सतत गुणगुणणारा हा माणूस शेजारी सामानासारखा बसलेला मला बघवत नव्हता. त्यांना माझ्या गाडीत गाणं ऐकू यायला हवं होतं. बस.

"त्यांस्नी कुठं ऐकू येतंय," अण्णा म्हणाला. "उगंच गाडीचा सत्यानाश करशील."

रविवारी सकाळी मी दारातच गाडी उघडून बसले. दारांच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या उचकटल्या. दोन क्लिपा मोडल्या, एक नखही. बॅटरीकडून येणारी जाड तांबडी वायर आत आली, पण चटईखाली अडकून बसली. आप्पा बघत होते. उठून आत गेले आणि मागाच्या फणीतून धागे ओढायची पत्र्याची चपटी आकडी घेऊन आले. आकडी चटईखाली सारली, वायर पकडली आणि एका हिसक्यात बाहेर काढली. मग आम्ही बापलेकींनी स्टिरिओची वायरही तिच्याच शेजारून नेली. ताण्यासारखी सरळ, एकीला एक लागून, कुठे ढील नाही. विणकराच्या घरात धागा असाच लावतात. मला माझ्या कामाचा भलताच अभिमान वाटला.

गाडी सुरू केली तर गाण्यामागे कुईऽऽ. ॲक्सिलरेटर दाबला की आणखी चढायचं. "गाडीत डास शिरलाय बघ," म्हणत अण्णा हसून बेजार. बॅटरीची वायर आणि आवाजाची वायर अशी चिकटून नेली की इंजिनाची कुरकुर स्पीकरात उतरते, हे मी मागाहून मोबाईलवर वाचलं. आधी विचारणार कुणाला, त्या हसऱ्या दुकानदाराला?

आप्पांना मात्र ती कुई ऐकूच येत नव्हती. तेवढा बारीक आवाज त्यांच्या कानांना आता लागत नाही.

"मग ऱ्हाऊ दे की तसंच," अण्णा म्हणाला. "त्यांस्नी काय कळतंय?"

इथे माझं डोकं फिरलं. घरात आप्पांचं सगळंच असं चाललेलं. कुणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे, त्यांना अर्धंच सांगायचं, कारण त्यांना काय कळतंय.

"त्यांस्नी न्हाय कळलं तरी मला कळतंय न्हवं," मी म्हटलं आणि सगळ्या पट्ट्या पुन्हा उचकटल्या. तांबडी डावीकडेच ठेवली. स्टिरिओची वायर पार उजव्या उंबऱ्याखालून फिरवली.

"असं फाकून कोण लावतं गं?" आप्पा कुरकुरले, पण आकडी त्यांनीच चालवली.

दुपारी आम्ही दोघं निपाणीच्या रस्त्याला लागलो. कुई गेली होती. आप्पांच्या आवडीचं जुनं कन्नड गाणं लावलं. त्यांच्या सीटखाली ढोलकी सुरू झाली तशी त्यांनी पाय जरा उचलले, खाली बघितलं. मग गुडघ्यावर बोटं चालायला लागली, आणि ओठही. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला.

"जरा बारीक कर गं," आप्पा म्हणाले.

इतक्या वर्षांत हे वाक्य फक्त आम्ही त्यांना ऐकवत आलो होतो. मी आवाज कमी केला नाही. टोलनाका येईपर्यंत तरी नाहीच.