मेंदूतल्या खांडण्या

जगात अजून न लागलेले सगळे शोध माझ्या मावसाजींना तोंडपाठ होते. लागलेल्या शोधांशी मात्र त्यांचं कधीच जमलं नाही. घरातल्या स्टोव्हला पिन मारायची तर ते तो उचलून शेजाऱ्यांकडे नेत, विजेचं बटण लाकडी पट्टीनं दाबत, आणि सायकलची चेन उतरली की सायकल हातात धरून घरी येत, वर "चालनं तब्येतीले चांगलं असते" असं ऐकवत. पण भाकरीऐवजी एक गोळी खाऊन महिनाभर कसं राहता येईल, ढग वासरासारखे ओढून हव्या त्या शेतावर कसे आणता येतील, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, रंगीत बोंडं लागून रंगाऱ्यांचा धंदा कसा बसेल, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नसे. हे कधी होणार, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. "पाच वर्षं थांब." महाराष्ट्र राज्य नवं होतं, दिल्लीच्या योजना पाच-पाच वर्षांच्या निघत, त्यामुळे तो आकडा त्यांना सरकारी शिक्क्यासारखा पक्का वाटत असावा. त्यांचं ऐकलं असतं तर मी आत्तापर्यंत किमान दोनदा अमर झालो असतो.

मी तेव्हा खामगावला तालुका कचेरीत कारकून होतो आणि मावशीकडेच राहत होतो. मावसाजी एका जिनिंगमध्ये कापूस पारखत. या कामात त्यांच्याइतका संशयी माणूस मी पाहिला नाही. गाडीवान शपथा घेई, व्यापारी गोड बोले, मावसाजी कुणाकडे बघतसुद्धा नसत. रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धाग्याची लांबी डोळ्यांसमोर धरायची आणि म्हणायचं, "वजनाले पानी मारलं हाये. घेऊन जा." बोटांना कळेल तेवढंच खरं. पण हाच माणूस जिनिंगच्या फाटकाबाहेर पडला की छापलेल्या कुठल्याही ओळीसमोर लोटांगण घाली. बरं, छापलेलं तरी नीट वाचावं! वर्तमानपत्र विकत घेणं त्यांना उधळपट्टी वाटे. त्यांचं सगळं विज्ञान किराणा दुकानातून येई, फुटाण्यांबरोबर, गुळाबरोबर, पुडीच्या कागदावर. पुडी सोडली की फुटाणे आम्हाला आणि कागद त्यांना. त्यामुळे प्रत्येक शोधाचा त्यांना वरचा अर्धा भागच माहीत असे. शास्त्रज्ञांनी काय करून दाखवलं ते वरच्या भागात असतं. ते कुणावर, किती आणि शेवटी काय झालं ते खालच्या भागात असतं, आणि खालचा भाग नेहमी दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या जिऱ्याभोवती गेलेला असे.

घरात त्यांना अडवणारं माणूस एकच, माझी मावशी. मावसाजींनी कागद वाचून दाखवला की ती परातीतून मान वर न काढता म्हणे, "नाई." बस, तेवढंच. "अवो, अमेरिकेत झालं!" "नाई." "पाच वर्षांत खामगावले येईन!" "नाई." तिच्या त्या 'नाई'मुळेच घरात चूल राहिली, गाय राहिली आणि छपरावर पाऊस पाडणारी विजेची तार उभी राहिली नाही.

आणि मग एका दुपारी पापडाचं पीठ मळता मळता मावशी कलंडली. लकवा. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. डोळ्यांनी सगळं ओळखायची, बोललेलं सगळं कळायचं, पण तोंडून शब्द निघत नव्हता. ओठ हलवायचा प्रयत्न करायची आणि डोळ्यांतून पाणी यायचं. घरात पहिल्यांदाच मावसाजींना 'नाई' म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि ते मोकाट सुटले.

महिनाभरात गुळाच्या ढेपेबरोबर तो कागद आला. त्यावर एवढंच होतं की परदेशात कुणी एक डॉक्टर कोकराच्या कोवळ्या, ताज्या पेशी माणसाच्या अंगात टोचतो आणि म्हातारी माणसंही ताजीतवानी होतात. मेंदूच्या मेलेल्या पेशींच्या जागीही उद्या अशाच नव्या पेशी, आणि इथे कागद फाटलेला. मावसाजींनी तो भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीत खोचला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अंगणात बसवून सरकीचे दाणे ओळीनं मांडून दाखवत. "हे पाय. हा तिचा मेंदू. पेरला तवा पूरा उगवला होता. आता मंधात दाने मेले, खांडण्या पडल्या. पऱ्हाटीत खांडणी पडली त आपन काय करतो? नवा दाना डोबतो. मंग मेंदूत काऊन नाई डोबायचा?" बघे माना डोलवत. शेतकरी माणसाला खांडण्या भरणं कळतं. मेंदू कळला नाही तरी खांडण्यांच्या शेजारी बसवला की तोही कळल्यासारखा वाटतो. सांगायला लाज वाटते, पण मीही माना डोलवणाऱ्यांत होतो. मावशीच्या हातचं खाऊन वाढलेला माणूस होतो मी. पाच वर्षं तर पाच वर्षं, असं मनातल्या मनात मीही म्हणून टाकलं होतं.

दवाखान्यातला तरुण डॉक्टर उंद्रीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा होता. मावसाजींनी त्याच्या टेबलावरही सरकी मांडली. त्यानं शांतपणे ऐकलं.

"काका, खांडण्या केव्हा भरता तुमी?"

"पेरल्यावर आठ-धा दिवसांत."

"अन् दोन महिन्यांनी भरल्या त?"

उशिरा डोबलेलं झाड शेजारच्या झाडांच्या सावलीत खुरटतं, त्याला बोंड धरत नाही, हे मावसाजींइतकं कुणाला ठाऊक!

"आन् पऱ्हाटीचं झाड एकटं उभं राह्यते," डॉक्टर म्हणाला. "मेंदूतली पेशी एकटी काई कामाची नाई. तिचे हजार शेजाऱ्यांसंगं धागे जुळलेले असतात. नवी पेशी टाकली तरी हे धागे कोन जुळवनार? आज कोनालेच येत नाई ते. उद्याचं उद्या. जे उरलं हाये, त्याच्याकडून काम घ्या. रोज हात-पाय हलवा, रोज बोलाले लावा. तुमच्या कागदाची खरी बातमी फाटलेल्या भागात होती."

बाहेर आल्यावर मावसाजींनी निकाल दिला, "पोरगं हुशार हाये, पन वाचन कमी."

त्याच आठवड्यात ते धामणगाव बढ्याच्या बाजारातून एक गाभण मेंढी घेऊन आले. मेंढीला बसमध्ये घेईनात, तेव्हा कंडक्टरला त्यांनी "ही मेंढी नाई, औषध हाये" असं सांगून पाहिलं आणि शेवटी टपावर तिच्याशेजारी बसून आले. आळीतली माणसं दारात उभी राहून हसली. हसायला मीही होतो. मेंढीनं पहिल्याच दिवशी तसबिरीखालचा झेंडू खाल्ला, तो कागद मात्र हुंगून सोडून दिला. त्या घरात तेव्हा तेवढीच एक चिकित्सक बुद्धी होती.

मेंढी व्याली आणि पांढऱ्या कपाळाचं कोकरू झालं. मावसाजी पेशीवाल्या डॉक्टरच्या शोधाला लागले, आणि असा माणूस शोधला की सापडतोच. जळंबच्या गाडीनं एक गृहस्थ आले. भर उन्हाळ्यात गळ्यात टाय, हातात कातडी पिशवी, आणि आपण कुठे शिकलो हे सांगताना दर वेळी निराळ्या देशाचं नाव. कोकरू पंधरा दिवसांच्या आतलं हवं, त्याच्या डोक्यातला ताजा गर काढून लगेच टोचायचा, आठ दिवसांत वाचा येईल, असं त्यांनी सांगितलं. कापसातलं पाणी बोटांनी ओळखणारे मावसाजी त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते. मला त्या दिवशी त्यांचा खरोखर तिटकारा आला. मी म्हणालो, "मावसाजी, हा माणूस पानी मारलेला हाये, तुमाले दिसत नाई काय?"

"तू चूप राय बे," ते म्हणाले. "तिनं सहा महिने झाले, मले शिवी नाई देल्ली."

या पंधरवड्यात ते कोकरू मावशीच्या खाटेजवळच असे. तिच्या पदराचं टोक चघळायचं आणि ती डाव्या हातानं त्याच्या कानामागे खाजवायची. ते दूर गेलं की ती खाटेच्या कडेशी सरकून त्याच्याकडे हात लांबवी. दोनदा तर त्याच्यासाठी पाय जमिनीवर टेकून बसली होती. आमच्यापैकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. आम्ही पेशींची वाट पाहत होतो.

टायवाल्यांनी पिशवी उघडली, आत सुरी चकाकली. मावसाजी कोकरू उचलायला वाकले. मावशीनं डाव्या हातानं कोकराची मान घट्ट आवळली. मावसाजींनी हलकेच ओढलं. तिचं तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताठल्या, कपाळावर घाम आला, आणि कुठून तरी फार खोलातून, विहिरीतून पोहरा वर यावा तसा तो शब्द आला.

"नाई."

मावसाजींनी कोकरू सोडलं आणि मटकन खाली बसले. क्षणभर मला वाटलं, आता यांना लकवा होतो. मग ते उठून अंगणात धावले आणि आळी गोळा केली. "बोलली! बोलली! पेशीच्या नुसत्या वासानं काम केलं! पेशी त अजून कोकरातच हायेत!" टायवाले गृहस्थ हे श्रेय घ्यायला लगेच तयार झाले. मटणाच्या आशेनं थांबलेल्या त्यांना पिठलं-भाकरी वाढून मी दुपारच्या गाडीत बसवून दिलं.

त्यानंतर मावशीला दुसरा शब्द आला नाही. 'हो' म्हणायचं तर ती मान हलवी. 'नाई' मात्र तोंडानं म्हणे. म्हणून मावसाजींनी नवंच खूळ काढलं. सकाळ-संध्याकाळ खाटेशी बसून ते तिला फक्त असेच प्रश्न विचारत ज्यांचं उत्तर 'नाई' आहे. "हत्ती आनू काय?" "नाई." "विमानात बसतं?" "नाई." "मी हुशार हावो काय?" "नाई!" या उत्तराला तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत लागे आणि मावसाजी टाळ्या पिटत. कोकराच्या मागे जायचं म्हणून ती हळूहळू काठी टेकत अंगणापर्यंत चालू लागली. उंद्रीच्या डॉक्टरनं सांगितलेलं सगळं या माणसानं अक्षरशः केलं, आणि शेवटपर्यंत त्याला त्याचा पत्ता नव्हता. पुडीचे कागद येतच राहिले. ते वाचून दाखवायचे, ती 'नाई' म्हणायची, ते खूश होऊन कागद बाजूला टाकायचे. एकही कागद पुन्हा तसबिरीत गेला नाही.

पाच वर्षं पुरी व्हायला काही महिने असताना मावशी गेली.

माझी बदली झाली होती. मावशीचे दिवस झाल्यानंतर पुन्हा एकदा मी मावसाजींकडे गेलो. खाट रिकामी होती. पांढऱ्या कपाळाची ती मेंढी, आता चांगली थोराड झालेली, खाटेच्या पायाशी रवंथ करत होती. मावसाजींनी माझ्यापुढे फुटाणे ठेवले, कागद सरळ केला आणि चष्मा चढवून वाचू लागले. "मानसाच्या मेंदूचे मेलेले भाग येत्या पाच वर्षांत..." ते थांबले आणि सवयीनं खाटेकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू म्हन न बे."

मी म्हणालो, "नाई."

मावसाजींनी कागदाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

"तिच्यासारखं नाई जमलं तुले," ते म्हणाले.