सूर्यासमोर धरलेला पेला

कुंभकोणमच्या आमच्या पुष्करिणीवर प्रातःसंध्येच्या वेळी एक वृद्ध गृहस्थ नित्य येत. काचेचा पेला पाण्यात बुडवून ते उगवत्या सूर्यासमोर धरीत, डोळे बारीक करून पाहत आणि काही पुटपुटत. काचेच्या पेल्याने अर्घ्य देणारी ही कोणती शाखा, ते माझ्यासारख्या शास्त्र्यालाही कळेना. तरी मी आदराने त्यांच्या मागे हात जोडून उभा राही.

एके सकाळी ते वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, "सामी, रोज नमस्कार कोणाला करता?"

"आपल्या सूर्योपासनेला," म्हणून मी आचमनाचे पाणी तोंडात घेतले.

"मी डासांच्या अळ्या शोधतो, सामी."

मला इतके हसू आले की ते पाणी नाकात गेले. तेही पायरीवर बसून डोलत हसू लागले. मग त्यांनी सांगितले, की गतवर्षी पुष्करिणी कचऱ्याने बुजली होती. फेकलेल्या कपांत पाणी साचून गल्लीभर डास झाले आणि त्यांच्या नातीला डेंग्यू झाला. लेक तिला घेऊन तिरुनागेश्वरमला गेली. आता गाळ निघाला होता, कमळे लागली होती, बेडूक आणि मासे परतले होते. पण खात्री पटल्यावाचून लेक येणार नव्हती.

"माझे डोळे म्हातारे. तुम्ही बघा."

मी पेला उन्हात धरला. आत नखाएवढा एक मासा तुंदिल पोटाने गिरक्या घेत होता.

"अळ्या नाहीत. त्या खाणारा आहे."

भगवंताने सबंध गल्लीचे आरोग्य केवढ्याशा जीवावर सोपवले होते. त्यांनी पेला जपून पाण्यात रिता केला आणि ओल्या धोतरानिशीच फोन लावला.

"पोरीला घेऊन ये. होय, होय, पाणी तपासून घेतले. शास्त्रीबुवांकडून."