रोलरखालचा दगड

रस्ता न खोदता त्याची परीक्षा घ्यायची आमची रीत सोपी होती. खडी दाबून झाली की खदानीतला एक काळा दगड वर ठेवायचा आणि त्यावरून रोलर न्यायचा. दगडाचा चुरा झाला तर रस्ता पक्का. आत रुतला तर कच्चा. पुन्हा पाणी, पुन्हा दबाई. महाराष्ट्र नवा होता, मीही नवाच मिस्त्री.

देऊळघाटकडच्या कामावर पाण्याचा टँकर आलाच नाही आणि साहेब दुसऱ्या दिवशी तपासणीला येणार होते. मी रोलरच्या ड्रायव्हरला म्हणालो, "बस झालं, उतर."

"खडी हालून राह्यली जी अजून."

"तुले काय करायचं बे? उद्या दगडच सांगीन."

तो दगड मी घरून नेला. ठिसूळ, मुरमाड, वरून रोलरचंच काळं तेल फासलेला. साहेबांसमोर तो कडकन फुटला. ड्रायव्हर खुळ्यासारखा हसला, "अरे बाप्पा, झाली होती की पक्की!"

पुढं कपाशीची गाडी तिथंच खचली आणि उलटली. बैलाची मान जुवाखाली मोडली, गाडीवानाचा पाय चेपला. लोक गाडीच्या कडेचे उभे दांडे, उभाऱ्या उपसून धावले. रोलर त्याच रस्त्यावर थोडा पुढं चालू होता. त्यांनी ड्रायव्हरला केस धरून खाली ओढलं.

"मिस्त्री, सांगा न यायले! दगड फुटला होता न?" तो ओरडला.

"हाच काय बे मिस्त्री?" कोणीतरी माझ्याकडे वळलं.

मी पुढं झालो आणि ड्रायव्हरच्या थोबाडीत मारली. "काय दाबलं बे तू?"

मग माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. रोलरचं लोखंडी हँडल त्याच्या कोपरावर बसलं, हाड कातडीतून बाहेर आलं. तो पडला तरी मारत होते. त्याचे दात माझ्या खडीत पडले. मी गर्दीमागे सरकत गेलो.

बुलढाण्याच्या दवाखान्यात त्याला भेटलो. हात कायमचा वाकडा राहणार होता. सुजलेल्या तोंडानं त्यानं एवढंच विचारलं, "दगड तं फुटला होता जी. मंग माही दबाई चुकली कुठं?"

थोबाडीत मारली, त्याला भीतीचं कारण तरी होतं. दवाखान्यात गर्दी नव्हती. तरी मी म्हणालो, "चुकते माणसाची."

"हाव," तो म्हणाला, "चुकलीच असंन." रोलरवर तो पुन्हा कधी चढला नाही. गाडीवानाच्या घरी जाऊन त्यानं माफी मागितली, असं कानावर आलं. ती माझी होती.