नसलेली किलवर राणी

आमचं गाव घाटावर, अमडापूरच्या अंगाला. सासुरवाडी घाटाखाली, वडनेर भोलजीला. मधे फक्त एक घाट. पण तो उतरता उतरता डब्यातल्या दह्याला घाम फुटतो. घाटाखाली उन्हाळ्यात माणसाची सावलीसुद्धा चप्पल घातल्याशिवाय बाहेर पडत नाही.

अशा उन्हात मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी बायकोला आणायला गेलो. लग्नानंतरची ती पहिलीच आखाजी, म्हणून ती माहेरी आलेली. त्याआधीच्या हंगामात बोंडअळीनं आमचा कापूस साफ केला होता. बीटी आहे, अळी लागणारच नाही, असं दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला होता. पण अळी इतकी माजली की मी शेताच्या धुऱ्यावर उभा राहिलो तर तीच बोंडातून डोकं काढून विचारायची, कोण पाहिजे? ही बातमी माझ्याआधी घाट उतरून सासुरवाडीला पोचली होती. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या हातात देतादेताच विषय मिटवला.

"पोरगी राह्यते पेरनी होईपर्यंत. तिले तिथं अळ्या मोजाले नेता काय?"

"मामी, सरकी मातीत टोबायची हाय. तिच्यावानी सरळ ओळ पंचक्रोशीत कोनाची निघत नाई."

खरं म्हणजे ती नसली की घर खायला उठत होतं. पण जावयानं सासूला असं सांगायचं तरी कसं? बायको दाराशी सुपात शेंगदाणे निवडत बसली होती. तिला यायचं होतं की नव्हतं? आईबापासमोर ती नवऱ्याकडे बघेना. मग मी तिच्या सुपाकडे बघून काही उमगतं का ते पाहिलं. सूपही तिच्याच माहेरचं, त्यानं ताकास तूर लागू दिली नाही.

शेवटी सासरे पुढे झाले. एरवी पत्त्याला हात लावणारा माणूस त्या घरात वाया गेलेला ठरायचा, पण आखाजीला सगळ्यांना माफी. सासूबाईसुद्धा खेळायला बसायच्या.

"बदाम सात खेळू," सासरे म्हणाले. "जवाईबापू जितले तं आजच घेऊन जा. नाई जितले तं पेरनी होईपर्यंत नाव काढाचं नाई."

"मामा, मले खेळता येत नाई."

"त्यात काय येनं, भाऊजी? आमच्याकडे पाळन्यातलं लेकरू खेळते," मेव्हणी म्हणाली आणि तिनं एका दमात मला शिकवून टाकलं. बदामाची सत्ती पडली की तिच्या वर अठ्ठी, नव्वी चढवत जायचं, खाली छक्की, पंजी उतरवत जायचं. बाकीच्या रंगांचंही तसंच, पण आधी सत्ती पाहिजे. जमेल ते पान टाका, नाही जमलं तर पास म्हणा. ज्याचा हात आधी रिकामा, तो जिंकला.

इथवर मला समजलं. मग सूप बाजूला ठेवून बायकोही डावात बसली, पत्ते वाटले गेले, आणि समजलेलं सगळं निघून गेलं.

कारण माझ्या हातात निम्मे पत्ते आणि निम्मा कृषी केंद्राचा माल. त्या घरात पत्ता हरवला की बियाण्याचं खोकं कापून नवा करायचे. त्यावर काही लिहायची पद्धत नव्हती. घरच्यांना पाठ होतं.

"हा फुटलेला कापूस म्हंजे इस्पिक दश्शी," मेव्हणी सांगू लागली. "नुसतं हिरवं पान ते चौकट छक्की. अन् बांधाकडेनं पेराले बिगर-बीटीचं लहान पाकीट देतात ना, त्याचा तुकडा बदामची तिर्री."

"लिहून काऊन ठेवत नाई?"

"कोनासाठी? आमाले तं मालूम हाय."

वाटताना शेवटी सासूबाईंनी माझ्यापुढे रिकामी चिमूट टेकवली. मला वाटलं, माशी हाकलली.

डाव सुरू झाला. मी फुटलेला कापूस चौकटीवर टाकला, सगळे ओरडले. हिरवं पान इस्पिकावर टाकलं, सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. पण नशीब असं धावून आलं की बघता बघता माझी पानं संपत गेली. शेवटचं पान असं आपटलं की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"जितलो! चाल, पिशवी भर!"

बायको हलली नाही. कोणीच हललं नाही.

"अन् किलवरची रानी?" सासूबाई म्हणाल्या.

"कोन्ती रानी?"

"तुमच्या हातात हाय ते."

मी हात उलटेपालटे करून पाहिले. बाह्या झटकल्या. मग उलगडा झाला. किलवरची राणी मागच्या हंगामाच्या खोक्यातून कापली होती. त्याच बियाण्यानं त्यांचाही कापूस अळीला खाऊ घातला, तेव्हा सासूबाईंनी घरातलं त्या वाणाचं चिटोरंन् चिटोरं चुलीत घातलं, त्यात राणीही गेली. नवं खोकं पेरणीला येणार. तोवर राणी आहे असं समजून खेळायचं. वाटताना ती माझ्या वाट्याला आली होती.

"मंग हे घ्या, टाकली," मी म्हणालो.

"कशी टाकता? गुलाम कुठी पडला?"

किलवर दश्शीवर थांबलं होतं. गुलाम कोणी दाबून ठेवला होता? मी सगळ्यांकडे पाहिलं. सासरे छताकडे बघत होते. मेव्हणी बायकोकडे बघत होती, आणि बायको आपल्या पानांकडे.

गुलाम हिच्यापाशी! म्हणजे हिलाच यायचं नाही?

डाव फिरत फिरत तिच्यापाशी आला. तिनं हातातली पानं चाळली, एक उपसलं आणि खाली ठेवलं. किलवरचा गुलाम. आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. आईबापासमोर.

मी गोंधळलो. हातात बघितलं, काहीच दिसेना.

"पास," मी म्हणालो.

मेव्हणीनं तोंडात पदर कोंबला. "अहो..." एवढंच बायको म्हणाली.

"सांगाचं नाई!" सासरे गरजले.

पुढचा फेरा माझ्यापर्यंत येईस्तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठलो, रिकामा पंजा वर नेला आणि गुलामाच्या शेजारी सतरंजीवर असा मारला की धूळ उडून समोरचे सासरे दिसेनासे झाले.

"काय टाकलं?" धुळीपलीकडून ते म्हणाले.

"रानी!"

"मले तं दिसत नाई."

सासूबाई पुढे वाकल्या. सतरंजीच्या त्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग पोरीकडे पाहिलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "रानी पडली." आणि आम्हाला वाटेत खायला संजोऱ्या बांधायला उठल्या.

मी खेळून जिंकलो की त्यांनी जिंकू दिलं, मला आजवर कळलेलं नाही. एसटी बुलडाण्याचा घाट चढू लागली तेव्हा कुठे बायको बोलली.

"मी गुलाम टाकला तवा पास काऊन म्हनलं तुमी?"

मी समजावून सांगायला सुरुवात केली. अजून सांगूनच राह्यलो आहे.